जास्तीचा न

कात्रण त्याने पाकिटातून काढलं ते केवळ हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून. वाचण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. तीन दिवसांत इतक्यांदा घडी उघडून घातली होती की कडेची अक्षरं झिजली होती, आणि उरलेली त्याला डोळे मिटूनही दिसत होती. ‘औषधांच्या खोक्यांवरील मजकूर तपासण्यासाठी अननुभवी उमेदवार पाहिजे. एक जागा. मूळ कागदपत्रांसह समक्ष भेटावे.’ त्याने सवयीने नजर फिरवली, घडी घातली, आणि मग का कोण जाणे, पुन्हा उघडली. जिन्याला अजून एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं त्याला झालं. त्याने अंगठ्याचं नख कागदावर ठेवलं आणि एकेक अक्षर पुढे सरकवत नेलं. अ. न. नु. भ. वी. दोन ‘न’ होते. अनुभवी नव्हे, अननुभवी. त्याने कागद उजेडाकडे धरला, फुंकर मारली, बोटाने पुसला. शाईचा डाग नव्हता. ‘न’ होता, चांगला ठसठशीत, आणि तीन दिवस तो तिथेच होता. जाहिरात त्याने वाचली, बायकोने वाचली, मुलीने तर समोर ठेवून त्याचा अर्ज तयार केला. घरातल्या तिघांनी वाचली आणि तिघांनीही आपापल्या गरजेपुरती वाचली. आणि या तिघांतला एकजण बावीस वर्षं वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होता. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचाच पगार घेत होता.

आता खोलीतली माणसं त्याला नव्याने दिसायला लागली. खोली लांबट, भिंतीला टेकून दहा खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचं यंत्र, आणि खालच्या मजल्यावर चालणाऱ्या छपाईची बारीक थरथर पायांच्या तळव्यांना जाणवत होती. शाईचा वास होता. सकाळी आत आल्याआल्या त्या वासाने त्याला बरं वाटलं होतं, माहेरच्या वाटेला लागल्यासारखं. तेव्हा त्याने इतरांकडे नीट पाहिलंच नव्हतं. एकजण बुटाचं टोक दुसऱ्या पायाच्या पोटरीवर घासत होता. एकजण ओठ हलवत काहीतरी पाठ म्हणत होता. शेजारची मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. सगळी पोरं बावीस-तेवीसची, फार तर चोवीसची. त्याच्या नोकरीला जितकी वर्षं झाली तितकं यांचं वय. दारातल्या कारकुनाने त्याला पाहताच म्हटलं होतं, “सोबत आलेल्यांनी खाली थांबायचं, काका.” त्याने हसून अर्ज पुढे केला होता, आणि कारकुनाने एकदा अर्जाकडे, एकदा त्याच्याकडे बघून मुकाट्याने सात नंबरची चिठ्ठी दिली होती. कारकुनाची गंमत वाटली होती त्याला. आता कळलं की गंमत कुणाची होत होती. कानामागून घाम निघाला आणि कॉलरपर्यंत पोचला.

“काका, तुमचं कोण आत गेलंय?” शेजारच्या मुलीने विचारलं.

“मुलगी,” तो म्हणाला. शब्द तोंडातून निघून गेल्यावर त्याला कळलं की आपण खोटं बोललो. दुरुस्त करायला अवधी होता, पण त्याने केलं नाही.

“बराच वेळ झाला नाही हो?” मुलगी म्हणाली. “माझा आठवा नंबर आहे. हातपाय गार पडलेत माझे. ही माझी अकरावी मुलाखत.”

अकरावी. त्याची चौथी होती. आठ महिन्यांत चार. पहिल्या ठिकाणी वय विचारून चहा दिला होता, दुसऱ्या ठिकाणी चहाही नाही. तिसऱ्या ठिकाणी म्हणाले, हे काम आता यंत्र करतं, तुम्ही यंत्राचं काम तपासाल का, आणि मग त्यांनीच विचार बदलला. नोकरी नसलेल्या माणसाला जगात एका गोष्टीची कमी पडत नाही, ती म्हणजे सल्ल्याची. वरच्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ म्हणाले, अर्जाला फोटो जुना लावा. मेहुणा म्हणाला, वय विचारलं तर हसून वेळ मारून न्या. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण त्याच्या मुलीचं तसं नव्हतं. ती गेल्या वर्षी नोकरीला लागली होती, त्यामुळे या विषयात घरात तिचा शब्द शेवटचा. काल संध्याकाळी तिने त्याला पलंगावर समोर बसवून एकेक गोष्ट बजावली होती. दहा मिनिटं आधी पोच, तासभर आधी नको, ताटकळलेला माणूस हरलेला दिसतो. प्रश्न पुरता संपू दे, मगच बोल. मागच्या मालकाला नावं ठेवू नकोस. हात टेबलाखाली लपवू नकोस. “आणि बाबा, काय वाटेल ते काम करीन असं तर अजिबात म्हणू नकोस. काहीही करणाऱ्याला कुणी काहीच देत नाही.” तो मान डोलावत होता. हिला सायकल शिकवताना मागून धरलेली सीट आपण न सांगता सोडली होती, ते त्याला आठवत होतं. आता सीट तिच्या हातात होती. तिने ती सोडू नये असं त्याला वाटलं आणि असं वाटल्याची लाजही वाटली. शेवटी खालच्या आवाजात ती म्हणाली होती, “आणि ते शिवणकामाच्या जाहिरातीचं काही बोलू नकोस हं. विचारणार नाहीत. कोण विचारतंय.”

कुणीच विचारलं नव्हतं, इतक्या दिवसांत. त्या एका बाईखेरीज. छोट्या जाहिरातींचं पान संध्याकाळी पाचला सुटायचं आणि पावणेपाचला कुणीतरी हमखास आणखी दोन जाहिराती आणून टाकायचं. विभागप्रमुख मागे उभा राहून ‘आटपा, आटपा’ करायचा. त्याच्या स्वतःच्या टेबलाच्या वर भिंतीला एक पाटी होती, ‘वाचाल तर वाचाल’. त्या दिवशी त्याने वाचलं नाही आणि पुढे तो वाचलाही नाही. शिवणकामाच्या एका कारखान्याला अनुभवी स्त्रिया हव्या होत्या. छापून आलं, अननुभवी. टंकलेखकाच्या बोटाने एक ‘न’ जास्तीचा पडला आणि त्याच्या डोळ्यांनी तो गिळला. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या फाटकाशी सत्तर-ऐंशी बायका जमल्या आणि सगळ्या परत पाठवल्या गेल्या. सहकाऱ्यांनी ‘ध चा मा केलास की रे’ म्हणून चेष्टा केली, त्यानेही हसून घेतलं. दुपारी एक बाई खिडकीशी आली. पन्नाशीची असेल. हातात ते कात्रण. लाँड्रीत इस्त्रीचं काम होतं तिचं, उभं राहून राहून पाय सुजायचे. बसून करायचं काम मिळतंय आणि शिकवूनही घेतायत, म्हणून आदल्याच दिवशी ती ते सोडून आली होती. ती ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, “चूक झाली बाई. उद्या दुरुस्ती छापतो.”

“दुरुस्तीचं मी काय करू?” ती म्हणाली. मग खिडकीच्या गजांतून त्याच्या टेबलाकडे, पाटीकडे, लाल पेनांच्या पेल्याकडे बघत तिने अगदी खरं कुतूहल वाटल्यासारखं विचारलं, “तुमचं हेच काम ना? मग वाचलं कसं नाही तुम्ही?”

दुसऱ्या दिवशी चार ओळींची दुरुस्ती आली, ‘अननुभवी ऐवजी अनुभवी असे वाचावे’. पाच महिन्यांनी विभाग आवळला तेव्हा पाचांतले तीन गेले, त्यांत तो होता. कुणी त्या ‘न’चं नाव काढलं नाही. यंत्र आलंय, खर्च वाढलाय, असंच सगळे म्हणाले, आणि ते खरंही असेल. पण ते त्या ‘न’मुळेच, हे त्याला मनातून पक्कं ठाऊक होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्या बाईच्या प्रश्नाला तो आठ महिने बसून उत्तर शोधत होता. घाई होती, हे उत्तर नव्हतं. घाई बावीस वर्षं होती. डोळे थकले होते, हेही नव्हतं. आज, इथे, या खुर्चीत, कसली घाई नसताना, चष्मा नवा असताना, तोच शब्द, तोच न, आणि तीन दिवस तो त्याला दिसला नव्हता.

दार पाच पावलांवर होतं. उठून गेलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. घरी सांगायचं, जागा भरली. सोमवारी मेहुण्याच्या चपलांच्या दुकानात जाऊन बसायचं. तसा शब्द त्याने दिलाच होता, इथलं नाही जमलं तर येतो म्हणून. मेहुणा मनाने वाईट नव्हता. “भाऊजी, तुम्हाला काही करायचं नाही. गिऱ्हाईक आलं की नुसतं या म्हणायचं.” त्या ‘काही करायचं नाही’वर बायकोने मान खाली घातली होती. तिनेच भावाला गळ घातली असणार, हे त्याने ओळखलं होतं आणि ओळखलं नाही असं दाखवलं होतं. ती दातांच्या दवाखान्यात रुग्णांना नंबर देते. आठ महिने घर तिच्यावर चाललं होतं आणि तिने एकदाही आवाज चढवला नव्हता. एकदा तरी चढवायला हवा होता. आज सकाळी तिने ड्रॉवर उपसून त्याचं जुनं लाल पेन शोधून काढलं, कागदावर ओढून चालतंय ना ते पाहिलं आणि त्याच्या खिशाला लावलं. “असू द्या,” एवढंच म्हणाली. त्याने आता खिशावर हात ठेवला. पेन होतं. मांडीवरच्या फाइलीत अर्ज होता आणि अर्जाच्या पहिल्याच ओळीत मुलीने मोठ्या कौतुकाने ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘बावीस वर्षे अनुभवी मुद्रितशोधक’. नाकापेक्षा मोती जड. तो उठायला लागला.

“सात!” कारकून ओरडला.

तो उठतच होता, त्यामुळे उभा राहिला. शेजारच्या मुलीने आतल्या दाराकडे पाहिलं. आतून त्याची मुलगी येईल म्हणून पाहिलं असणार. आला सहा नंबरचा मुलगा, कपाळ पुसत. मग तिने त्याच्या हातातली चिठ्ठी पाहिली. तिने ओढणीचं टोक सोडलं आणि पाय आत घेऊन त्याला वाट दिली, आणि बाहेरच्या दारापर्यंतची पाच पावलं त्याला आता तिच्यासमोर टाकता येईनात. तो आत गेला.

आत तपासणी विभागाच्या प्रमुख बाई होत्या. चष्मा दोरीने गळ्यात, पुढ्यात कागदांचे तीन गठ्ठे. त्यांनी बसा म्हटलं, अर्ज घेतला, पहिली ओळ वाचली आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

“जाहिरात वाचली नाहीत का नीट?”

प्रश्न पुरता संपू दे, मगच बोल. प्रश्न संपला होता. त्याने हात टेबलावर ठेवले होते, तिथून ते काढले नाहीत.

“नाही,” तो म्हणाला. “तीन दिवस वाचली. पण नीट नाही. अनुभवी असंच वाचत होतो. आत्ता बाहेर बसल्यावर तो ‘न’ दिसला.”

“मुद्रितशोधक म्हणता आणि ‘न’ दिसला नाही?”

“त्याच ‘न’पायी घरी बसलोय मी,” तो म्हणाला, आणि मुलीने बजावलेलं सगळं एकदम वाहून गेलं. शिवणकामाची जाहिरात, फाटकाशी जमलेल्या बायका, लाँड्रीतली बाई, तिचा प्रश्न, सगळं त्याने सांगितलं. भराभर नाही. मध्ये थांबून, शब्द शोधून. स्वतःची बाजू मांडायची राहूनच गेली. बाईंनी मध्ये एकदा पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवला.

“मग? काय उत्तर त्या बाईला?” त्यांनी विचारलं.

उत्तर आपल्याला येतंय हे त्याला बोलायला लागल्यावर कळलं. “मी वाचत नव्हतो. ओळखत होतो. रोजच्या रस्त्यावर रोजचा माणूस भेटला की आपण त्याच्याकडे कुठे बघतो? काय, बरंय ना, म्हणतो आणि पुढे जातो. त्याने कपाळाला पट्टी बांधलेली असली तरी घरी गेल्यावर आठवत नाही. शब्दांचं तसं झालं माझं. सगळे ओळखीचे झाले.”

बाईंनी मधल्या गठ्ठ्यातून एक कागद काढला. “औषधाच्या खोक्यात घालतो ते पत्रक. आमच्याकडच्या दोघा अनुभवी माणसांनी सही करून हे पुढे पाठवलं होतं. चाळीस हजार छापून झाल्यावर कळलं. खोक्यांत जायच्या आधी कळलं, हे नशीब. तेव्हा ठरवलं, आता नवखाच माणूस घ्यायचा. सकाळपासून सगळ्यांना हेच देतेय. बघा.”

त्याने वाचलं. दोन मिनिटांत पान संपलं. एकही चूक नव्हती. बरोबर होतं सगळं, शुद्ध, नेटकं. आणि त्या बरोबरपणानेच तो घाबरला. त्याने खिशातलं लाल पेन काढलं, टोपण घातलेलंच टोक पहिल्या अक्षरावर ठेवलं आणि पुन्हा सुरुवात केली. अक्षर, मग अक्षर. पहिलीत असताना मुलगी वाचायची तसं, बोटाने शब्द धरून ठेवून, तो पळून जाईल अशा भीतीने. तेव्हा तो तिला घाई करायचा, अगं पुढे बघ, येतंय ना तुला. बाहेर कुणीतरी खोकलं. खालची थरथर थांबली, पुन्हा सुरू झाली. मात्रा, वेळा, दुष्परिणाम. तिसऱ्या परिच्छेदापर्यंत मान दुखायला लागली. काही नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्याने पाहिलं नाही. शेवटची ओळ उरली. ती प्रत्येक औषधाच्या खोक्यावर असते, ती कुणी वाचत नाही, ती लहानपणापासून सगळ्यांना पाठ असते. त्याचा हात आपणहून पेन उचलायला लागला. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि पेन पुन्हा कागदावर टेकवलं. ल. हा. न. मु. लां. च्या. ‘लहान मुलांच्या हाती लागेल अशा जागी ठेवावे.’

त्याने पुन्हा वाचलं. हाती. लागेल. मध्ये काही नव्हतं. ‘हाती न लागेल’मधला ‘न’ तिथे नव्हता. तो आपल्याच डोळ्यांनी तिथे ठेवला होता, दोन मिनिटांपूर्वी, अगदी सहज. टोपण काढून त्याने दोन शब्दांमध्ये खालून काकपद मारलं, कावळ्याच्या पायासारखी ती खूण, गळलेलं अक्षर आत घ्यायची, आणि वर लिहिलं, न. समासात सही केली. कागद परत देताना त्याला आनंद झाला नव्हता. चाळीस हजार घरांत गेलं असतं ते, एवढंच मनात होतं.

“एकोणीस मिनिटं,” बाई म्हणाल्या.

“पहिल्यांदा दोन मिनिटांत वाचलं. तेव्हा दिसलं नव्हतं,” त्याने सांगून टाकलं.

बाईंच्या तोंडावरून काही कळत नव्हतं. त्यांनी त्याचा अर्ज पुन्हा उचलला. “हा असा वर पाठवता येणार नाही मला. साहेब पहिली ओळ वाचतील आणि बाजूला टाकतील. अननुभवीच घ्यायचा, असं लेखी आहे.”

पेन हातातच होतं. त्याने अर्ज आपल्याकडे ओढून घेतला. मुलीने लिहिलेल्या ठळक ‘अनुभवी’ शब्दात, अ आणि नु यांच्यामध्ये, त्याने खालून काकपद मारलं आणि वर ‘न’ लिहिला. समासात सही केली. बाईंनी ते वाचलं. या वेळी त्यांनी चष्मा डोळ्यांवर नीट बसवून वाचलं.

“संध्याकाळी कळवू,” त्या म्हणाल्या. “एकच जागा आहे, आणि अजून तिघं यायचेत.”

बाहेर आला तेव्हा आठ नंबरची मुलगी उभी होती. तिने त्याला खोटं बोलल्याबद्दल काही विचारलं नाही. “काका, काय विचारतात हो?”

एकच जागा होती. अकरावी मुलाखत होती तिची. तो ‘काही नाही’ म्हणून पुढे जाऊ शकला असता, आणि ते फारसं खोटंही झालं नसतं. संध्याकाळ, फोन, बायकोचा चेहरा, चपलांचं दुकान, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे आलं. त्याला भीती वाटली. मग तो म्हणाला, “वाचायला देतात. सावकाश वाच. बोट ठेवून. पाठ असलेलं तर दोनदा वाच.”

“वेळ लागला तर?”

“लागू दे. घाई कुणाचीच नाही तिथे.” आणि त्याने लाल पेन तिच्या हातात दिलं.

“आठ!” कारकून ओरडला. मुलगी आत गेली, दार लागलं. तो तिच्या रिकाम्या खुर्चीवर बसला. हात टेकवायला काही उरलं नव्हतं म्हणून त्याने ते गुडघ्यांवर ठेवले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. ती बाहेर आली नाही तसा तो जरा मागे टेकून बसला. सावकाश वाचतेय. बारा मिनिटांनी कारकून हातात चिठ्ठ्या घेऊन त्याच्यासमोर येऊन थांबला.

“काका, तुमचं झालं ना? मग कशाला थांबलात?”

“मुलगी आत गेलीय,” तो म्हणाला.